ऑडॅसिटीत शांतता छाटताना

मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या रिकाम्या जागा एका झटक्यात उडवू नका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममधला 'ट्रंकेट सायलेन्स' हा लांब शांतता छोटी करणारा इफेक्ट चांगला आहे, पण त्याचा मूळ थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज शांतता धरला जातो ती पातळी, असतो उणे 20 डेसिबल. बोलण्यासाठी तो फारच वर आहे. आपल्याकडे वाक्याचा शेवट हळू होतो. 'आहे', 'होतं' म्हणताना आवाज खाली जातो आणि नेमकी तीच अक्षरं कापली जातात. उणे 40 च्या आसपास ठेवून बघा. खोलीत पंख्याची घरघर असेल तर मात्र एवढ्या खाली शांतता सापडणारच नाही, मग आकडा थोडा वर घ्या.

एका सेकंदापेक्षा लांब थांबे तेवढे पकडा आणि ते अर्ध्या सेकंदावर आणा, शून्यावर कधीच नको. श्वासही राहू द्या, माणूस बोलतोय असं वाटायला हवं.

पाहुण्याचा ट्रॅक वेगळा असेल तर दोन्ही ट्रॅक एकत्र निवडा आणि प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे छाटण्याच्या पर्यायावर टिक करू नका, नाहीतर प्रश्न एकीकडे आणि उत्तर भलतीकडे जाईल. मूळ रेकॉर्डिंगची प्रत आधीच बाजूला ठेवा.

आणि हो, अवघड प्रश्नानंतर पाहुणा गप्प झाला असेल, तर ती जागा हाताने जपा. ती शांतता उत्तराचाच भाग असते.