वाचकांचे प्रश्न: बीपी सापडलं, पुढे काय?

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी बीपीची आहेत. मी तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालो, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. साखरेची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न: मी आशा आहे. माझ्या गावातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका किती ते घरोघर विचारून भरायचा कागद) भरून झाले. मीटिंगमध्ये कौतुक झालं. पण ज्यांना बीपी निघालं त्यातले कितीतरी जण एकदा गोळ्या घेऊन गेले ते उपकेंद्राकडे फिरकलेच नाहीत. माझं कुठे चुकतंय?
– एक आशाताई, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये विचारला जाणारा प्रश्न चुकीचा आहे. वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, हे सगळं विचारून गुण मांडायचे आणि चारच्या वर गेले की आधी तपासणीला पाठवायचं, हे काम तुम्ही केलंत. पण हा नुसता दरवाजा झाला. आपल्याकडे २०१० साली असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून वरून विचारणा होते ती ‘किती तपासले?’ अशीच. आकडा मोठा दिसतो आणि सगळे खूश होतात.

तुमच्याच जिल्ह्यात याहून वेगळं काही होऊन गेलंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. २०२२ पर्यंत देशात तो शंभरावर जिल्ह्यांत गेला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचं मला फार अप्रूप नाही. मला आवडतं ते त्यांचं मोजमाप.

समजा, उपकेंद्रात शंभर जणांची नोंद आहे. या तिमाहीत साठ आले आणि त्यातल्या पंचेचाळीस जणांचं बीपी १४०/९० च्या खाली निघालं. नेहमीच्या पद्धतीने आपण सांगू, साठात पंचेचाळीस, म्हणजे ७५ टक्के! या उपक्रमात उत्तर ४५ टक्के येतं. जे चाळीस आलेच नाहीत ते भागाकारातून गळत नाहीत, नियंत्रणात नसलेल्यांत धरले जातात. हा हिशेब पहिल्यांदा मांडला की डॉक्टरांचे चेहरे पडतात. पडू देत. न आलेला माणूस कागदावर दिसला, तरच कुणीतरी त्याच्या दारात जाईल.

म्हणून तुमच्या सीएचओ मॅडमना, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा, महिन्याच्या शेवटी न आलेल्यांची यादी काढून द्या. फॉर्म भरण्यापेक्षा ते काम मोलाचं आहे. यादी घेऊन गेलात की गोळी का नाही घेतली म्हणून रागावू नका, कारण विचारा. उपकेंद्राची वेळ आणि मजुरीची वेळ एकच असते. पुरुष मंडळी सकाळी डेअरीवर दूध घालायला हमखास येतात, बीपीचं मशीन महिन्यातून एक दिवस तिथे नेता येतं. (सकाळी तंबाखूची चिमूट आणि चहा झालेला असतो, तेव्हा अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, मग कफ बांधा. नाहीतर वाढलेला आकडा तंबाखूचाच असायचा.) ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाची गाडी निघायच्या आधी गाठा आणि हंगामभर पुरतील तेवढ्या गोळ्या मिळतात का ते मेडिकल ऑफिसरना विचारा. नियम तीस दिवसांचा, असं उत्तर मिळेल. २०२० मध्ये कोविडच्या काळात कितीतरी केंद्रांनी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्याच होत्या, तेव्हा काही बिघडलं नाही.

प्रश्न: गणेशोत्सवात आमच्या मंडळाने मोफत बीपी-शुगर शिबिर घ्यायचं ठरवलंय. काय काळजी घ्यावी?
– मंडळाचा एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर: स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गर्दीत, ढोल वाजत असताना मोजलेल्या बीपीला फारसा अर्थ नसतो आणि शिबिर उठलं की त्या माणसांचं पुढे काय होतं ते कुणी पाहत नाही. घ्यायचंच असेल तर ज्यांचं बीपी जास्त निघेल त्यांची यादी दुसऱ्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात द्या आणि महिन्याभराने त्यातले किती जण तिथे पोचले ते विचारा. बॅनरवर तो आकडा छापलात तर मी स्वतः येईन आरतीला.

प्रश्न: सासूबाईंची प्राथमिक आरोग्य केंद्रातली गोळी दर वेळी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या रंगात येते. ‘ही माझी गोळी नव्हे’ म्हणून त्या घेत नाहीत. शिवाय पायांवर सूज आहे.
– एक सूनबाई, सिंधुदुर्ग

उत्तर: कंपनी बदलते, औषध तेच असतं. पट्टीवर ‘ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ’ वाचून दाखवा, जुनी पट्टी शेजारी धरा. पायांची सूज या गोळीने काहींना येते. डॉक्टरांना ती दाखवा, ते गोळी बदलू शकतात. मनाने बंद करायची नाही, आणि ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून तर मुळीच नाही. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आलंय.

प्रश्न: तमिळनाडूत म्हणे बीपीच्या गोळ्या घरपोच मिळतात. मग आपल्याला काय अडचण आहे?
– निवृत्त शिक्षक, भंडारा

उत्तर: गुरुजी, खरं आहे. ५ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली, बचत गटांतल्या बायकांना स्वयंसेविका म्हणून घेतलं. पण आधी त्यांचं गोदाम पाहा. औषधखरेदीचं त्यांचं वेगळं महामंडळ १९९४ पासून आहे. घरपोच द्यायला मुळात गोळी केंद्रात असावी लागते.

आपल्याकडे मी पाहिलेली खरी अडचण मागणीपत्राची. मागच्या वर्षी जेवढं औषध संपलं त्यात थोडं वाढवून आकडा पाठवायचा, ही जुनी सवय. कार्यक्रम वाढतो तेव्हा ती घात करते. नोंदलेली माणसं गुणिले रोजच्या गोळ्या गुणिले दिवस, वर थोडा राखीव साठा, असा हिशेब हवा. उपचाराची ठरलेली पायरी कामाला येते ती इथे. आधी ॲम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, गरज पडली तर क्लोरथॅलिडोन. औषधं तीनच असली की फार्मासिस्टला अंदाज बांधता येतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या आवडीची गोळी लिहू लागला तर कुठलीच पुरत नाही. काही डॉक्टर या पायऱ्यांना ‘स्वयंपाकाची कृती’ म्हणून हिणवतात. हरकत नाही, लाखोंच्या पंगतीला कृती लागतेच.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, २०२५ संपेपर्यंत बीपी-शुगरचे साडेसात कोटी रुग्ण प्रमाणित उपचाराखाली आणायचे. आकडा वाचला की मी आधी गोदामाच्या किल्लीवाल्याला शोधतो.

प्रश्न: खासगी डॉक्टरांची औषधं परवडत नाहीत. सरकारीत मध्येच जाता येतं का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर: येतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. जुनी चिठ्ठी, रिकाम्या पट्ट्या आणि शेवटचे लघवी-रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा. एकाच गोळीत दोन औषधं असतील तर तिथे ती वेगवेगळी मिळतील, त्याने फरक पडत नाही. घरात आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. पहिल्या फेरीत सगळी औषधं हातात पडतील असं धरून चालू नका.