आजोबांच्या कष्टांविषयी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शाळेच्या जलतरण संघात तुझी निवड झाली नाही, तेव्हा मी सवयीने म्हणालो की कष्टाला फळ मिळतेच. त्यावर तू विचारलेस, "आजोबांनी आयुष्यभर कष्ट केले, तरी ते गरीबच राहिले ना? मग हे तुम्ही मला का सांगता?" तुझा प्रश्न मनाला लागला, कारण तो माझ्याही मनात फार वर्षांपासून आहे.

लहानपणी मी आजोबांबरोबर उसाला दारं धरायला जात असे. शेतीची वीज बहुधा रात्रीचीच असल्यामुळे जेवणे उरकून आम्ही मळ्यात निघायचो. ते मोटार चालू करून पाटाच्या कडेने अनवाणी चालत आणि मी मागून बॅटरी धरी. एक सरी शेवटपर्यंत भिजली की तिच्या तोंडाशी खोऱ्याने माती ओढायची आणि पुढच्या सरीचे तोंड फोडायचे. जरा दुर्लक्ष झाले तर पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरे. पाणी टोकाला पोहोचले की नाही, हे आजोबा अंधारात नुसत्या आवाजावरून सांगत. कष्टांचे महत्त्व मात्र त्यांनी मला कधी सांगितले नाही. ते सांगण्याची सवय माझी आहे.

आजोबा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकायला गेले होते, हे तू आजीकडून ऐकले आहेस. ते कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली सुरू केले. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 पासूनची, काले गावातली. गरिबाच्या मुलाने कोणापुढे हात न पसरता, अंगमेहनत करून शिकावे, असा कर्मवीरांचा आग्रह होता. त्या दिवसांविषयी बोलताना आजोबा ताठ बसत. पण मला आता असेही वाटते की त्या मुलांच्या मेहनतीमागे आणखी कोणाची तरी मेहनत होती. कॉलेज निघण्याच्या कितीतरी आधी, संस्थेच्या सुरुवातीच्या काळात, वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तेव्हा कुठे ती चूल पेटती राहिली.

पणजोबा वारल्यावर आजोबांचे शिक्षण अर्धवट सुटले. पुढे भावांच्या वाटणीत जमिनीचे तुकडे झाले आणि ऊसतोड लांबली की शेतातच उसाचे वजन घटे. यात आजोबांचा आळस कुठेही नव्हता, म्हणून गरिबीचा दोष मी त्यांच्या कष्टांना देऊ शकत नाही. पण कष्ट पुरेसे होते, असेही मला म्हणवत नाही.

आत्याचे तर मला अजूनही टोचते. पहाटे उठून धारा काढणे, गुरांचा चारा कापून आणणे, मग शाळा, हे तिने माझ्यापेक्षा अधिकच केले. घरात पैसा मात्र एकाच्याच पुढच्या शिक्षणापुरता होता आणि तो माझ्या वाट्याला आला. ती दहावीनंतर घरी राहिली. मी शिकलो आणि इथवर पोहोचलो. माझ्या यशाला मी केवळ स्वतःचे प्रयत्न म्हटले, तर तिच्या प्रयत्नांना काय म्हणायचे?

तरीही तू प्रयत्न करावेस असे मला वाटते, आणि ते का वाटते हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आजोबांना पाण्याचा तो आवाज रात्रीमागून रात्री जागून उमगला होता. वाटणीत जमीन गेली, पण ती जाण कोणी वाटून घेऊ शकले नाही. तुझा श्वास या वर्षी पाण्यात जेवढा टिकू लागला आहे, तोही कोणत्याही निवड समितीच्या हातात नाही. एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. संघात जागा मिळेलच, असे यापुढे म्हणणार नाही. सराव पुढे चालू ठेवायचा की नाही, हे तू ठरव.

हा प्रश्न उन्हाळ्यात गावी गेल्यावर आत्यालाही विचार. ती माझ्यापेक्षा वेगळे सांगेल, आणि या बाबतीत तिचा अधिकार माझ्याहून मोठा आहे.

तुझे,
बाबा