आजवर घुंगरांवर भागलं, आता इतके बूट कशाला?

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. लेकीचं कथकमध्ये विशारद झालंय आणि ऑगस्टमध्ये ती ओहायोच्या एका कॉलेजात म्युझिकल थिएटरच्या, म्हणजे गाणं-नाच-अभिनयाच्या नाटकाच्या, पदवीसाठी निघाली आहे. आई लिहितात : ‘इतकी वर्षं अनवाणी नाचली, घुंगरांशिवाय काही लागलं नाही. आता बॅले, जॅझ, टॅप, कॅरेक्टर असे चार प्रकारचे बूट लागतील म्हणे. तिचे बाबा म्हणतात, सगळे मुंबईतूनच घेऊन टाकू. न्यू जर्सीची आत्या म्हणते, ब्रॉडवेवर घालतात तसे तीन इंची टाचेचे घ्या. एकच चांगला जोड घेतला तर नाही का चालणार?’

ताई, एका जोडावर भागणार नाही. पण चारही आत्ताच घ्यायची घाईही करू नका. कॉलेजला ईमेल करून नृत्यविभागाची यादी मागवा. कोणत्या रंगाचे, किती टाचेचे, बंदाचे की पट्ट्याचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. इथून नेलेला काळा जोड तिथे कातडीच्या रंगाचा हवा असला, तर पैसे पाण्यात.

बॅलेचे आणि जॅझचे बूट साधे घेतले तरी चालतात. बॅलेसाठी मधे तळ तुटक असलेले कापडी स्लिपर पुरतात. ते मोज्यासारखे पायाला चपखल बसावे लागतात आणि बऱ्याच कंपन्यांत नेहमीच्या नंबरापेक्षा लहान लागतात, म्हणून नुसता नंबर सांगून मागवू नका.

हात सैल सोडायचा तो कॅरेक्टर आणि टॅपवर.

कॅरेक्टर शू म्हणजे टाचेचा, घोट्यावर किंवा पायावर पट्टा असलेला चामडी बूट. नाटकातली बाई जी चप्पल-बूट घालून वावरते, त्याच रूपात नाचता यावं म्हणून तो. तुमच्या लेकीने दहा-बारा वर्षं तत्कार, म्हणजे कथकचं पदकाम, सपाट तळव्यावर मारलाय. टाच आली की बराचसा भार पुढच्या चवड्यावर येतो, पोटरी आखडते, घोटा डळमळतो. तीन इंच पहिल्या दिवशी नको म्हणजे नकोच. दीड, फार तर दोन इंच. माझ्याकडे आलेली एक मुलगी हौसेने उंच टाचेचा, वर ‘मोजे घातले की बसेल’ म्हणून एक नंबर मोठा जोड घेऊन गेली. पाऊल आत पुढे सरकायचं. पहिल्याच सत्रात घोटा मुरगळला आणि महिनाभर ती वर्गात भिंतीला टेकून बसून होती.

आत्याबाई ज्याबद्दल बोलताहेत ते बहुधा न्यूयॉर्कच्या ला ड्यूका या कंपनीचे बूट असावेत. ते इटलीत बनतात, लवचीक आणि उत्तम असतात, पण किंमत शेकडो डॉलरमध्ये. पाय टाचेला सरावला आणि ऑडिशन सुरू झाल्या की घ्यावेत. सुरुवातीला कॅपेझिओ किंवा ब्लॉक या कंपन्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा जोड पुरे.

अनवाणी नाचलेली पावलं बहुतेक पुढे रुंद असतात, बोटं मोकळी पसरलेली. म्हणून रुंद माप मिळतं का, हे आवर्जून विचारायला सांगा. दुकानात संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नाचाचे टाइट्स घालूनच जोड चढवावा. उभं राहून बोटं टोकाला टेकावीत पण मुडपू नयेत, आणि चवड्यावर उठल्यावर टाच निसटू नये. आपली कोल्हापुरी आधी चावते, मग पायाला बसते, तसं इथे होईल या आशेवर बसू नका. चामडं थोडं सैलावतं, पण चुकीचं माप बरोबर होत नाही.

टॅपचं, म्हणजे बुटाच्या तळाच्या धातूच्या पट्ट्यांनी ताल वाजवायच्या नाचाचं, तिला भय वाटायला नको. पंडित चित्रेश दास यांचं कथक आणि जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांचं टॅप ‘इंडिया जॅझ सूट्स’ या कार्यक्रमात एकाच रंगमंचावर रंगायचं. लयीचे हिशेब तुमच्या लेकीच्या पायात आधीच आहेत, आता टाच आणि चवडा वेगळे वाजवायला शिकायचंय. त्यासाठी बंद बांधायचा, कमी टाचेचा, मजबूत तळाचा बूट घ्यावा. तळाच्या धातूच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि ते नाचता नाचता ढिले होतात, तेव्हा एक छोटा स्क्रूड्रायव्हर कायम पिशवीत असू द्या. हे बूट घालून रस्त्यावर एक पाऊलही नाही.

रंगाचं एक राहिलं. ‘कातडीचा रंग’ म्हणून दुकानात गोऱ्या पायाचा रंग पुढे करतील. तिच्या पायाशी जुळणारी गव्हाळ-तपकिरी छटा मागावी. बूट आणि पाय एकरंगी दिसले की पायाची रेघ लांब दिसते, कारण तेवढंच आहे. छटा नाहीच मिळाली तर नर्तकी स्पंजाने बुटावर फाउंडेशन लावतात, तेही चालतं.

बाबांना सांगा, बुटांचे पैसे तिच्या नावावर बाजूला ठेवा आणि पहिल्या आठवड्यात तिला तिथेच दुकानात जाऊ द्या. इथून निघताना बॅगेत घुंगरू मात्र ठेवा. शंभर-शंभरांची जोडी जड असते, म्हणून सामानाचं वजन आधीच करून घ्या.