पडलेल्या दाताच्या जागी दुसरा येईना तेव्हा

कोथरूडहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईची तक्रार सुरुवातीला दाताची नव्हतीच. चौथीतली मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, सोसायटीच्या गणपतीत बसवलेल्या नाटुकल्यातून तिनं आपणहून नाव काढून घेतलं, घरी फोटो काढू देत नाही, असं त्या सांगत होत्या. फोटोंचा विषय निघाला तसा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनभर मुलीचं उघडं तोंड. पुढे सरकवलं तरी तेच. रोज रात्री एक फोटो. (हे लिहायला घरच्यांची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे छकुली म्हणते.)

छकुली नऊ वर्षांची. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, डावीकडचा दुधाचा दात वर्षभरापूर्वी पडला. उजवीकडचाही पडला आणि तिथे पक्का दात येऊन आठेक महिने झाले. डावीकडे नुसती हिरडी.

"ब्रश झाला की टॉर्च लावून बघते मॅडम. बोट फिरवते, काही टोचतंय का म्हणून. बहिणीच्या मुलीचे सगळे आले, ती तर हिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान."

"डेंटिस्टना दाखवलंत?"

"नाही." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते म्हणाले की हा दात येणारच नाही, तर?"

दातांची काळजी घेऊन येणाऱ्या पालकांमध्ये हे मी पुष्कळदा पाहते. ज्या एका तपासणीनं उत्तर मिळेल ती लांबवायची आणि जिच्यातून काहीच कळत नाही ती रोज करायची. टॉर्चच्या उजेडात हिरडीच्या आतलं दिसत नाही. पण पाहिलं की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावंसं वाटतं. इकडे मुलीला मात्र रोज कळत असतं, आपल्या तोंडात आई काहीतरी शोधते आणि ते तिला सापडत नाही.

"काळजी करू नका, येईल" असं मी त्यांना म्हटलं नाही. ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि या बाबतीत त्यांची शंका रास्तच होती. पक्क्या दातांचं वेळापत्रक बरंच सैल असतं. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे दात आणि पहिल्या पक्क्या दाढा, सात-आठला वरचे मधले दोन, आठ-नऊला त्यांच्या शेजारचे. दहा ते बाराच्या दरम्यान उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) आणि वरचे सुळे, बारा-तेराला दुसऱ्या दाढा. मुलींचे जरा आधी, मुलांचे जरा मागून. यात वर्षभर इकडेतिकडे झालं तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, त्यामुळे मावसबहिणीशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. तुलना करायची ती त्याच तोंडातल्या दुसऱ्या बाजूशी. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि जोडीचा आलाच नाही, तर एक्स-रे काढून पाहावा, असं दंतवैद्य मानतात. छकुलीच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली होती.

म्हणून आमचं ठरलं असं: आठवड्याच्या आत बालदंतवैद्यांची वेळ घ्यायची, आणि तोवर टॉर्च, बोट, फोटो सगळं बंद. आई म्हणाल्या, "डॉक्टर जमेल, पण बघायचं बंद करणं अवघड आहे." मग रात्रीचा ब्रश बाबांकडे दिला.

पुढच्या भेटीत मी छकुलीशी एकटीशी बोलले. चित्र काढता काढता ती म्हणाली, "तो येणार नाहीये. मला माहितीये का ते." तो दात शाळेच्या व्हॅनमध्ये पडला होता. तिनं कागदात गुंडाळून कंपासमध्ये ठेवला, आणि घरी येईपर्यंत तो हरवला. आधीचे सगळे दात आजीनं तिला उंदीरमामासाठी टाकायला लावले होते, गावच्या घराच्या कौलांवर नाहीतर सोसायटीच्या बागेतल्या बिळात. हा एकच उंदीरमामाला मिळाला नाही, मग तो बदल्यात नवा कुठून देणार? हे तिनं वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं. आई रोज रात्री शोधत होती तेव्हा ही पोर आपला गुन्हा लपवत होती.

मुलांना विचारावंच लागतं. "घाबरू नकोस" म्हणण्याआधी "तुला काय वाटतं, का नाही आला?" हे विचारावं. आपण ज्या भीतीची समजूत घालत असतो ती पुष्कळदा त्यांची नसतेच. छकुलीला मी सांगितलं, की पक्क्या दाताचा अंकुर आपल्या जबड्यात आपण बोलायला शिकायच्या आधीपासून असतो किंवा नसतो. व्हॅनमध्ये काय झालं याचा त्याला पत्ताही नसतो. तिनं दोनदा खात्री करून घेतली. आजीची प्रथा मी खोटी पाडली नाही, ती गंमत म्हणून छानच आहे.

दोष शोधणारी ती घरात एकटी नव्हती. आजी, म्हणजे मुलीच्या आईच्या सासूबाई, येताजाता म्हणत, "दिवस गेले तेव्हा दूध प्यायली नाहीस, चहावर काढलेस." आणि आईला ते पटलेलं होतं. त्यांना उलट्यांचा फार त्रास झाला होता, सहाव्या महिन्यापर्यंत पोटात काही टिकत नव्हतं, कॅल्शियमच्या गोळ्याही सुटल्या होत्या. दवाखाना टाळण्याचं खरं कारण तेच होतं. दात नसल्याचं कळलं असतं तर, त्यांच्या लेखी, तो त्यांच्यावरचा निकाल ठरला असता.

एक्स-रे झाला. ओपीजी म्हणतात तो, दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा. त्याच्या किरणांबद्दल पालक हमखास विचारतात. त्यातली मात्रा अगदी कमी, निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळते तेवढीच असते. चित्रात डावीकडच्या त्या दाताचा अंकुर नव्हता. बाकी सगळे जागेवर होते. उजवीकडे आलेला जोडीचा दातही नेहमीपेक्षा बारीक, टोकाला निमुळता होता, आणि त्याकडे घरात कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे रिकाम्या जागेवर.

डॉक्टरांनी मग आईवडिलांना विचारलं, घरात कुणाला असं आहे का. दोघंही नाही म्हणाले. डॉक्टरांनी बाबांना हसायला सांगितलं. त्यांचा वरचा एक दात तसाच बारीक, निमुळता. लहानपणी क्रिकेट खेळताना तुटला असेल, असं त्यांच्या घरात इतकी वर्षं धरून चालले होते.

अक्कलदाढा सोडल्या तर शंभरातल्या साधारण पाच-सहा जणांमध्ये एखादा तरी पक्का दात मुळातच नसतो. सर्वांत जास्त वेळा खालची दुसरी उपदाढ किंवा वरचा हाच, मधल्या दाताशेजारचा. कारण बहुतेक वेळा आनुवंशिक. दाताच्या घडणीत भाग घेणाऱ्या पॅक्स-९, एमएसएक्स-१, डब्ल्यूएनटी-१०ए अशा जनुकांमधल्या बदलांशी त्याचा संबंध सापडला आहे, आणि एकाच घराण्यात कुणाचा दात नसणं, कुणाचा नुसताच बारीक असणं असं दिसतं. गरोदरपणी दूध कमी प्यायलं म्हणून दाताचा अंकुर धरला नाही, असं होत नाही. हे वाक्य मी त्या आईंना सावकाश, त्यांच्याकडे बघून सांगितलं. त्या खूप रडल्या.

मला वाटलं होतं इथे घर मोकळं होईल. तसं झालं नाही. पुढच्या वेळी बाबा गप्प होते आणि आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडूनच आलं की." दोष आईच्या अंगावरून उतरला तो सरळ दुसऱ्यांच्या अंगावर जाऊन बसला. त्या भेटीचा सगळा वेळ मी यावरच घालवला, आणि तो सत्कारणी लागला असं मला आजही वाटतं. बाबांना विचारलं, त्या बारीक दातानं आयुष्यात काय अडलं? नोकरी, लग्न, मित्र, जेवण? काहीच नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आजींना विचारलं, मुलाचे डोळे, आवाज, उंची कुणावर गेली? तेही त्यांच्याकडूनच आलेलं होतं. त्यानंतर आजींनी घरात दुधाचा विषय काढला नाही, असं सूनबाईंनीच मला सांगितलं.

आता छकुलीचं पुढे काय. तिच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते वरच्या सुळ्यांवर. शेजारचा दात नसला किंवा बारीक असला तर सुळा वाट चुकून टाळूकडे अडकण्याचा धोका वाढतो, म्हणून दहाव्या वर्षाच्या सुमाराला डॉक्टर हिरडीवर त्याचा उंचवटा लागतो का ते चाचपून पाहतील. वेळेत कळलं तर दुधाचा सुळा काढून त्याला वाट करून देता येते. रिकाम्या जागेसाठी दोन मार्ग असतात: तारा लावून सुळा पुढे आणायचा आणि त्याला शेजारच्या दाताचा आकार द्यायचा, किंवा जागा राखून ठेवून तिथे कृत्रिम दात बसवायचा. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात पक्का रोवलेला कृत्रिम दात, जबड्याची वाढ पुरी झाल्यावरच, म्हणजे अठराच्या आत सहसा नाही. तोवर काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला दात चालतो. यातलं आज काहीच ठरवायचं नव्हतं, आणि आईंना सर्वांत मोठा दिलासा त्याचा वाटला. दर सहा महिन्यांनी डॉक्टर बघणार, मधे घरात कुणी बघायचं नाही.

वर्गात कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे छकुलीनंच ठरवलं: "माझा तो दात नाहीच आहे. बाबांचा पण बारीक आहे." दोनतीनदा माझ्यासमोर म्हणून पाहिलं. नाटुकल्यात ती त्या वर्षी नव्हतीच, आणि मी कुणाला आग्रह करू दिला नाही.

अशाच काळजीनं येणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. खालच्या दुधाच्या दातांमागे पक्क्यांची दुसरी रांग दिसली की लोक फार घाबरतात. दुधाचा दात हलत असेल तर तो बहुतेक पडतो आणि मागचा जिभेच्या दाबानं पुढे सरकतो. वरच्या मधल्या दोन दातांतली फट सात ते अकरा-बारापर्यंत नेहमीची आहे, सुळे आले की ती पुष्कळदा आपोआप मिटते. पण वरचे मधले दात आठव्या वर्षानंतरही आले नाहीत तर वाट पाहत बसू नये. मधे एखादा जादा दात आडवा आलेला असू शकतो, किंवा लहानपणी पडल्याचा मार आतल्या अंकुराला लागलेला असतो. कीड लागून दुधाची दाढ लवकर काढावी लागली असेल तर जागा राखणारी पट्टी लावायची का, हे त्याच वेळी विचारावं. बरेच दात नसणं, त्यासोबत विरळ केस, कोरडी त्वचा, घाम न येणं असेल, किंवा दातांबरोबर उंचीही मागे राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि सहा-सातव्या वर्षीच्या एक्स-रेवरून "खालची दुसरी उपदाढ नाही" असं कुणी म्हटलं तर लगेच निराश होऊ नये. तिचा अंकुर काही मुलांत उशिरा दिसतो, म्हणून आठ-नऊच्या सुमाराला पुन्हा पाहून मगच नक्की करतात.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे; तिथे लहान मुलांच्या दातांचे वेगळे विभाग आहेत. जाताना आधीचे एक्स-रे सोबत न्यावेत, आणि स्वतःचे, भावंडांचे, आत्या-मामांचे दात कसे होते ते आधी घरात विचारून ठेवावं. डॉक्टर ते विचारतातच.