दुपारची झोप नेमकी कुणाला हवी आहे?

गेल्या काही आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या पत्रांमध्ये ताप-खोकल्यापेक्षा दुपारच्या झोपेच्या तक्रारी जास्त होत्या. सूर साधारण एकच : ‘काहीही करा, पण हे पोर झोपत नाही.’ त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. मजकूर आटोपशीर केला आहे, व्यथा जशीच्या तशी ठेवली आहे.

प्रश्न : मुलगा वीस महिन्यांचा आहे. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असा झोपायचा. हल्ली सकाळी दहाला मस्त झोपतो, पण दुपारी अंधार करून तास-दीड तास थोपटलं तरी डोळा लागत नाही. शेवटी साडेपाचला खेळता खेळता कलंडतो आणि रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा! त्याची दुपारची झोप सुटली असं समजायचं का?

उत्तर : नाही. सुटायची वेळ आली आहे ती सकाळच्या झोपेची.

बहुतेक मुलं पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमारास दोन झोपांवरून एकीवर येतात. तुमच्या मुलाचं थोडं लांबलं, इतकंच. दिवसा अजिबात न झोपण्याचं हे वयच नव्हे. जगभरातली पाहणी एकत्र करून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, दोन वर्षांच्या आत दिवसाची झोप पूर्ण सोडलेली मुलं अडीच टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे झोप त्याला हवीच आहे, फक्त तुम्ही नेमलेल्या वेळेला नको आहे.

झोपेचं बरंचसं भुकेसारखं असतं. जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढते. झोपलं की ते ओसरतं. याच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. ते उजेड-अंधाराच्या तालावर चालतं. ही ओढ आणि हे घड्याळ मिळून झोप ठरवतात, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली केली. झोपेचा अभ्यास करणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. आता तुमच्या घरी बघा. दहा वाजता पोटभर झोपून उठलेल्या मुलाला दोन वाजता पुन्हा झोपेच्या ताटावर बसवलं, तर तो घास तोंडात फिरवत बसणारच. साडेपाचला खरी भूक लागते, तेव्हा तो खातो, आणि रात्रीच्या जेवणाला नाही म्हणतो.

म्हणून सकाळची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकला. दहाची सव्वादहा, मग साडेदहा, असं करत साडेबारा-एकपर्यंत न्या. या वयाचं मूल सकाळी उठल्यापासून साधारण पाच तास जागं राहू शकतं. मधले दिवस त्रासाचे जातील. अकरा वाजताच डोळे चोळेल, शून्यात बघत बसेल. तेव्हा त्याला बाहेर उजेडात न्या आणि दुपारचं जेवण थोडं आधी द्या. दुपारी झोप लवकर उरकली, तर रात्री अर्धा-पाऊण तास आधी झोपवा. दोन-तीन आठवड्यांत घडी बसते.

आणि ते दीड तास थोपटणं बंद करा. वीस-पंचवीस मिनिटं बघायचं, नाही लागला डोळा तर निमूट उठायचं, तासाभराने पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. रोज दीड तास झटापट झाली, की मुलाला गादी दिसताच अंग ताठ करायची सवय लागते. मग खरोखर झोप आलेली असली तरी तो लढतो. (थोपटणारा आधी झोपतो, हा अनुभव मीही घेतला आहे. माझा मुलगा माझ्या पापण्या बोटांनी उघडून बघायचा.)

प्रश्न : मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची. शनिवार-रविवारी घरी दुपारी झोपत नाही आणि रात्री साडेआठला झोपते. पाळणाघरात मात्र दोन तास झोपते, आणि त्या दिवशी रात्री अकराशिवाय डोळे मिटत नाही. पाळणाघरातल्या ताई म्हणतात, ‘सगळी झोपतात, ही एकटी कशी जागी ठेवू?’ आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचूनच या लेखाचं शीर्षक सुचलं. इथे झोप मुलीपेक्षा पाळणाघराला जास्त हवी आहे. ताईंना दोष देत नाही. पंधरा मुलं सांभाळणाऱ्या बाईला दुपारी दोन तास शांतता लागतेच.

तीन ते चार या वयात चोवीस तासांत मिळून 10 ते 13 तास झोप असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यात दिवसाची झोप धरलेली आहे. म्हणून झोपा मोजू नका, चोवीस तासांची बेरीज करा. रविवारी रात्री साडेआठ ते सकाळी साडेसात असे अकरा तास भरत असतील आणि संध्याकाळ हसतखेळत जात असेल, तर तिचं भागतं आहे. पाळणाघराच्या दिवशीही बेरीज तेवढीच येत असेल. फक्त तिची वाटणी तुमच्या सोयीची नाही.

तरीही झोप एकदम तोडायला सांगू नका. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रेबेका स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ खेळवला. दुपारी झोपू दिलं तेव्हा मुलांना जागा चांगल्या आठवल्या, जागं ठेवलं तेव्हा विसरल्या. ती कसर रात्रीच्या झोपेने भरून निघाली नाही. फायदा मुख्यतः ज्यांना दुपारी झोपायची सवय होती त्यांनाच दिसला. तुमची मुलगी सध्या काठावर आहे. काही दिवस तिला झोप लागेल, काही दिवस नाही.

ताईंकडे मागायचं ते एवढंच : पाऊण तासाने तिला हळूच उठवा, आणि काहीही झालं तरी अडीचच्या पुढे झोपू देऊ नका. उठल्यावर कोपऱ्यात चित्रं रंगवत बसेल. ‘झोपवू नका’ म्हटलं तर नकार मिळतो, ‘लवकर उठवा’ म्हटलं तर बहुधा मिळत नाही.

एक काम तुमच्याकडचं. झोपण्याआधीचा तासभर घरातले झगझगीत दिवे कमी करा. कोलोरॅडो विद्यापीठात 2018 च्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर प्रकाशात खेळवलं, तर झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक तब्बल 88 टक्क्यांनी घटलं. मुलं दहाच होती, त्यामुळे आकडा ब्रह्मवाक्य समजू नका. पण लहान डोळ्यांवर उजेडाचा परिणाम फार होतो हे नक्की.

प्रश्न : डॉक्टर, नात अडीच वर्षांची आहे. सूनबाई नोकरीला जाते, दिवसभर नात माझ्याजवळ असते. सून सांगते, ‘आई, दुपारी झोपवू नका, मग ती रात्री वेळेवर झोपते.’ मी ऐकते. पण चार वाजले की पोर जी किरकिर सुरू करते, ती कशानेच थांबत नाही. पाणी सांडलं तरी भोकाड पसरते. माझ्याच्याने आवरत नाही. सुनेला वाईट न वाटता कसं सांगू?

उत्तर : आजी, हा मजकूरच सुनेला वाचायला द्या, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे येईल.

नातीला दुपारची झोप अजून हवी आहे. पाणी सांडल्यावरचं भोकाड हा स्वभाव नव्हे, ती थकवा बोलून दाखवते आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना एक दिवस दुपारी झोपू दिलं आणि एक दिवस नाही, असा एक छोटा प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला होता. न झोपलेल्या दिवशी सुटणारं कोडं सुटल्यावरही मुलांना आनंद कमी झाला, आणि मुद्दाम न सुटणारं कोडं दिल्यावर चिडचिड वाढली. तुमच्या घरी हा प्रयोग रोज चालला आहे.

पण सूनही खोटं बोलत नाही. दिवसभर बाहेर राबून आल्यावर मूल अकरापर्यंत नाचत असेल, तर तिने स्वतः कधी झोपायचं? म्हणून झोप ठेवा, तिची वेळ बांधा. जेवण झालं की साडेबारा-एकला झोपवा, तास-सव्वा तासाने पडदे उघडा, बोलायला लागा, उठू द्या. तीननंतर झोप नको. उठताना कुरकुरली तर लगेच खायला समोर धरू नका. दहा-पंधरा मिनिटं मांडीवर नुसतं बसू द्या, गाढ झोपेतून उठलेल्या मुलाला तेवढा वेळ लागतो. आठवडाभर रात्रीची वेळ कागदावर लिहून ठेवा. फार तर वीस-तीस मिनिटांचा फरक पडेल, तो सून आनंदाने सोसेल असं वाटतं. संध्याकाळी घरात पाऊल टाकताना हसरी मुलगी समोर आली तर नक्कीच.

प्रश्न : दोन वर्षांचा मुलगा फक्त गाडीत झोपतो, नाहीतर मोबाइल बघत बघत. मी रोज दुपारी त्याला गाडीत घालून फेऱ्या मारतो. शिवाय ऐकलंय, खोकल्याचं औषध थोडं दिलं की मुलं छान झोपतात. खरं का?

उत्तर : औषधाचं आधी. देऊ नका, थोडंसुद्धा नाही. त्या बाटल्यांत बऱ्याचदा अ‍ॅलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध असतं. मात्रा चुकली तर श्वास मंदावू शकतो. काही मुलं उलट त्याने जास्तच उधळतात. सर्दी-खोकल्याची अशी दुकानात मिळणारी औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच बजावलं आहे. दोन वर्षांवरच्या मुलाला झोपवण्यासाठीही ती औषधं नाहीत.

गाडी ही सवय आहे, रोग नव्हे. ज्या अवस्थेत मूल झोपी जातं, तीच त्याला झोपेची खूण वाटते. सुट्टीच्या चार दिवसांत बदल सुरू करा. फेरी लहान करा, पेंगायला लागला की गाडी थांबवून उचलून गादीवर आणा. मग फेरीऐवजी खांद्यावर, मग शेजारी पडून. रोज तीच चार कामं त्याच क्रमाने करा : शू, पडदा, एक गोष्ट, एक गाणं. गाडी थांबल्यावर त्याला सीटवरच झोपलेला सोडून जाऊ नका. बंद गाडी किती लवकर तापते याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

मोबाइल दुपारी पूर्ण बंद. तो मुलाला झोपवत नाही, थकेपर्यंत खिळवून ठेवतो.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. दुपारी झोपत नाहीच, रात्रीही सारखी तळमळते, पाय झाडते, मोठमोठ्याने घोरते. दिवसभर चिडचिडी. आम्ही वेळापत्रक सगळं करून पाहिलं.

उत्तर : मग वेळापत्रक बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं, तोंड उघडं ठेवून किंवा मान मागे टाकून झोपणं, उशी घामाने भिजणं, यामागे वाढलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) असू शकतात. पाय झाडणाऱ्या मुलांत शरीरातलं लोह कमी असण्याचीही शक्यता असते. त्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासायला हवं का, ते विचारा. लोहाचं औषध मनाने सुरू करू नका. जाताना मोबाइलवर तिच्या झोपेचं दोन मिनिटांचं चित्रण करून न्या. दवाखान्यात मूल घोरून दाखवत नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा झाला आणि त्याची दुपारची झोप पूर्ण सुटली. रात्री अकरा तास छान झोपतो, दिवसभर आनंदात असतो. त्रास मला आहे. तो दुपारचा एक तास माझा होता. परवा झोपवायच्या नादात मी त्याला दंडाला धरून गादीवर जोरात दाबलं. मग आम्ही दोघंही रडलो. मी वाईट आई आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही थकलेल्या आहात, आणि पत्रात ते लपवलं नाहीत हे बरं केलंत. पण पुन्हा तशी तिडीक उठली, तर त्याला सुरक्षित जागी बसवा, खोलीबाहेर या आणि पाच मिनिटं थांबा. तेवढं रडल्याने त्याचं काही बिघडत नाही. असं वारंवार होत असेल किंवा रात्री मुलगा झोपल्यावरही तुम्हाला झोप लागत नसेल, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा.

त्याला झोप नको आहे, तुम्हाला विश्रांती हवी आहे. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि आपल्या विश्रांतीसाठी मुलाने झोपावं असा हट्ट धरतो. त्याने झोपायची गरज नाही, एका जागी शांत असला तरी पुरे. त्या वेळेला ‘झोप’ हे नाव देऊच नका. आमच्या घरी ‘एकट्याचा खेळ’ म्हणायचो. एका खोक्यात ठोकळे, चित्रांची पुस्तकं, रंगीत खडू घाला. ते खोकं फक्त दुपारीच निघेल. दार अर्धवट उघडं, बाहेर गजर. गजर वाजेपर्यंत तो त्याच्या खोलीत, तुम्ही तुमच्या. पहिले दोन-तीन दिवस दहाच मिनिटं, मग दर तीन-चार दिवसांनी पाच-पाच वाढवा. पाऊण तासापर्यंत पोहोचायला महिना लागेल. तो मध्येच बाहेर येईल. भाषण न देता हात धरून परत नेऊन बसवा. पहिल्या आठवड्यात हे दहा वेळा होईल. आत काय चाललंय म्हणून डोकावू नका, तुमचा चेहरा दिसला की खेळ संपला. आणि ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका, नाहीतर खोलीचंच त्याला वावडं होईल. अधूनमधून एखाद्या दुपारी तो खोक्याशेजारी झोपलेलाही सापडेल. तेव्हा अर्ध्या तासात उठवा.

पहिल्या दिवशी मिळणाऱ्या दहा मिनिटांत भांडी घासू नका. पंखा लावा आणि आडव्या व्हा.