घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी इंटरनेटवरून जोडणारी खाजगी वाट) ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही. दोन्हीकडे उपकरणांच्या आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ आहे म्हणून का?

होय, म्हणूनच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालतं आणि घरच्या वाय-फायवर अडतं, असं तुम्ही लिहिलंय. तिथेच निदान झालं.

मी महाप्याला एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं नेटवर्क बघतो. आमच्या अकाउंट्सच्या ताई कोपरखैरण्याला घरून काम करतात, त्यांचंही हेच व्हायचं. टॅलीचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर. त्यांच्या लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग केलं (‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला) तर उत्तर यायचं, पण २ मिलिसेकंदांत. एरवी टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेने, २५-३० लागतात, म्हणून शंका आली. व्हीपीएन बंद केला, तरी उत्तर येतच राहिलं. शेवटी हॉलमधल्या टीव्हीचा प्लग काढला, तेव्हा थांबलं. घरच्या राउटरने तोच पत्ता टीव्हीला दिला होता!

लॅपटॉपला वाटतं सर्व्हर याच घरात आहे, म्हणून पॅकेट (डेटाचा तुकडा) टनेलमध्ये शिरतच नाही. पासवर्ड बदलून किंवा सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

आज काम अडलं असेल तर फक्त सर्व्हरच्या पत्त्याचा रूट (जाण्याचा मार्ग) टनेलकडे वळवा. वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर असेल तर ‘अलाउड आयपीज’मध्ये १९२.१६८.१.१०/३२ लिहायचं; /३२ म्हणजे फक्त तो एकच पत्ता. एका पत्त्याचा रूट अख्ख्या रेंजच्या रूटपेक्षा वरचढ ठरतो. टनेलची स्वतःची रेंज मात्र वेगळी हवी, आणि तेवढा वेळ घरातलं त्या पत्त्याचं उपकरण लॅपटॉपला दिसणार नाही.

कायमचा इलाज म्हणजे ऑफिसची रेंज बदलणं. घरची नको, उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी तेच होईल. आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने १९९६ पासून खाजगी वापराला १० ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते मोकळे ठेवलेत, तरी आपण सगळे राउटरने दिलेल्या रेंजवरच बसून राहतो. १०.७३.४१ सारखं काहीतरी आडवळणाचं घ्या, १०.०.० नको.

बायोमेट्रिक, डीव्हीआर, प्रिंटर अशा सगळ्यांत पत्ते हाताने भरलेले असतील आणि मालक ‘हात लावू नका’ म्हणत असतील, तर ऑफिसच्या राउटरवर नेटमॅप करा, म्हणजे एका रेंजचे पत्ते दुसऱ्या रेंजचे म्हणून दाखवा. मग व्हीपीएनवाल्यांना तोच सर्व्हर १०.७३.४१.१० म्हणून दिसतो, शेवटचा आकडा तोच राहतो. आमच्याकडे अजून हेच चालू आहे. ताईंच्या टॅलीत फक्त सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला.