तोंडावर एक, मतपेटीत दुसरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएच्या प्रबंधाला 'स्थलांतरितांविषयी बहुसंख्यांची मतं' हा विषय घेतलाय, मार्गदर्शक म्हणतात प्रश्नावली वाटा आणि आकडे काढा, आणि तुम्हाला शंका आहे की कागदावर लोक खरं कशाला सांगतील? शंका रास्त आहे. फक्त तुम्ही ती एकाच बाजूने घेताय. कागदावर माणूस सोज्वळ आणि आतून कडवट, असं धरून चाललाय. उलटही होतं, आणि या विषयातला सगळ्यात गाजलेला जुना प्रयोग नेमका उलटाच आहे.

रिचर्ड लापिएर नावाचे स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर मोटारीने हिंडले. चिनी माणसाबद्दल तेव्हा तिथे उघडउघड तिटकारा होता. खोली मागायला, टेबल मिळवायला लापिएर बऱ्याचदा मुद्दाम त्या दोघांनाच पुढे पाठवायचे आणि स्वतः सामानाशी रेंगाळायचे. राहायच्या आणि जेवायच्या मिळून २५१ ठिकाणी ते गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र गेलं: चिनी वंशाचे लोक ग्राहक म्हणून चालतील का? १२८ उत्तरं आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' म्हटलं. स्वच्छ 'हो' एकच आलं, एका छोट्या मुक्कामाच्या जागेच्या मालकिणीचं. सोबत तिचं गप्पिष्ट पत्र होतं की गेल्या उन्हाळ्यात एक चिनी गृहस्थ आणि त्यांची बायको येऊन गेली, फार छान माणसं होती.

प्रयोगात भोकं आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर बसलेला माणूस एकच होता की नाही, कोण जाणे. पण कागदावर विचारलं की माणसाच्या डोळ्यांसमोर 'चिनी' ही अख्खी जात येते आणि दारात मात्र हसतमुख, नीटनेटके कपडे घातलेलं जोडपं उभं असतं, हे त्यातून कळतं. दोन्ही उत्तरं खरीच. प्रश्न वेगळे होते.

आता माझ्या अंगणातलं सांगतो. मी सतरा वर्षं स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात राहतो. त्यातली काही वर्षं अशाच सर्वेक्षणांच्या मुलाखती घेण्यात आणि आकडे साफ करण्यात गेली. इथे नागरिकत्व नुसतं राजधानीत बसून मिळत नाही, तुमच्या गावाची संमती लागते. काही गावांत २००३पर्यंत ही संमती गुप्त मतदानाने दिली जायची. अर्जदाराचं वय, जन्मदेश, शिक्षण, कामधंदा, गावात किती वर्षं राहतो असली माहिती छापून घरोघर जायची आणि लोक माणसामाणसाला हो किंवा नाही करायचे. आपल्या सोसायटीच्या सभेत नवीन भाडेकरूवर चिठ्ठ्या टाकाव्यात, तसं.

ल्युत्सर्न शहराला खेटून असलेल्या एमेन गावात मार्च २०००मध्ये ५६ जणांचे अर्ज मताला आले. पास झाले आठ, सगळे इटालियन कुटुंबांतले. नापास झालेले बहुतेक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले. यावर बोंबाबोंब झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २००३मध्ये निकाल लागला: नकार द्यायचा तर कारण द्यावं लागेल, आणि मतपेटी कारण देत नाही, म्हणून ही पद्धत घटनेत बसत नाही.

याच मतदानांच्या नोंदी येन्स हाइनमुलर आणि डोमिनिक हांगार्टनर या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी गोळा केल्या. ४४ गावं, १९७० ते २००३, दोन हजार चारशेहून जास्त अर्जदार. मतदाराला जी माहिती कागदावर दिसत होती तीच संशोधकांनाही दिसत होती, म्हणून हा अभ्यास मला सोन्यासारखा वाटतो. भाषा येते का, नोकरी कसली, शिक्षण किती, या सगळ्यापेक्षा जास्त वजन जन्मदेशाला पडलं. बाकी सगळं सारखं असलं तरी तुर्की आणि युगोस्लाव्ह अर्जदाराला मिळणारी 'नाही' मतं उत्तर-पश्चिम युरोपातल्या श्रीमंत देशांच्या माणसापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती.

याच दोघांचा पुढचा अभ्यास त्याहून कामाचा आहे. निकालानंतर बऱ्याच गावांत निर्णय मतदारांकडून निवडून आलेल्या पंचांकडे गेला. १,४०० गावांची १९९१ ते २००९ची आकडेवारी लावली, तर हा बदल झाल्यावर नागरिकत्व मिळण्याचं प्रमाण जवळपास ६० टक्क्यांनी चढलेलं दिसतं. लोक तेच, अर्जदार त्याच देशांचे. पंच म्हणजे काही संत नव्हते, गावाने निवडलेली गावचीच माणसं. फरक एवढाच की त्यांना नकाराखाली कारण लिहून सही करावी लागत होती, आणि ते कारण उद्या कोर्टात वाचलं जाऊ शकत होतं. सर्वांत जास्त वाढ झाली ती सर्वांत नकोशा गटांची.

त्या इटालियनांचंही ऐका. ७ जून १९७०ला याच देशात परदेशी लोकांची मर्यादा दहा टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मताला आला होता. मत फक्त पुरुषांना होतं, बायकांना ते पुढच्या वर्षी मिळालं. ४६ टक्के लोकांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा डोळ्यांत खुपत होते ते मुख्यतः इटालियन मजूर. तीस वर्षांनी एमेनमध्ये पास झाले तेच. मुंबईत साठच्या दशकात कोणाला हाकलायच्या घोषणा होत्या आणि पुढे रोख कोणाकडे वळला, ते आठवा. माझे काका आयुष्यभर उडप्याकडचा डोसा खाऊन उडप्यांना शिव्या देत आले. निवृत्तीनंतर शिव्या तशाच राहिल्या, धनी तेवढे बदलले.

जिथे परके कमी तिथे विरोध जास्त कसा, हेही तुम्ही विचारलंय. नोव्हेंबर २००९मध्ये इथे मशिदींचे नवे मिनार बांधण्यावर बंदी घालणारा प्रस्ताव ५७.५ टक्क्यांनी मंजूर झाला. देशात तेव्हा मिनार होते चार. आप्पेनत्सेल इनररोडन या छोट्याशा डोंगरी कॅन्टनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, सत्तर टक्क्यांच्या वर होकार पडला, तर परदेशी लोकांनी भरलेल्या जिनिव्हा आणि बाझेल शहराने प्रस्ताव नाकारला. याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचं १९५४चं संपर्काचं गृहीतक: बरोबरीच्या नात्याने, एकत्र काम करत भेटलं की आकस कमी होतो. २००६मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी ५१५ अभ्यास एकत्र मांडले, त्यांत हा परिणाम बहुतेक सगळीकडे दिसला, पण लहान. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचं माप, साधारण उणे ०.२१: संपर्क वाढला की आकस थोडा उतरतो. शिवाय शहरात तरुण आणि शिकलेले लोकही जास्त असतात, तेव्हा सगळं श्रेय शेजाराला देऊ नका.

नुसती गाठ पडल्याने उलटंही होतं. रायन एनॉस या राज्यशास्त्रज्ञाने अमेरिकेत बॉस्टनच्या गोऱ्या उपनगरांतल्या लोकलच्या फलाटांवर दोन-दोन स्पॅनिश बोलणारी माणसं रोज ठरलेल्या गाडीला उभी केली. बाकी काही नाही, नुसतं उभं राहायचं. तीन दिवसांत त्या गाडीच्या प्रवाशांची स्थलांतराविषयीची मतं कडक झाली. दहा दिवसांनी तो कडकपणा थोडा उतरला होता, आणि लोक ओळखीचं हसायलाही लागले होते.

आमच्या इमारतीत तळघरात सामायिक कपडे धुण्याची खोली आहे. पाळ्या लावलेल्या, किल्ली हातोहात पुढे जाते. माझ्यानंतर पाळी एका आजींची. सुरुवातीला त्या मशीनच्या जाळीतला केरकचरा बोटाने काढून मला दाखवायच्या, न बोलता. दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये दारात आलुबुखारांची पिशवी यायला लागली. २०१४मध्ये स्थलांतरावर मर्यादा घालणारा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी पास झाला, त्या आठवड्यात किल्ली देताना त्या आपणहून म्हणाल्या, "मी हो केलं. पण ते तुमच्यासाठी नव्हतं हं." ऑलपोर्ट यांनी याला कुंपण पुन्हा घालणं म्हटलंय: एकाला आत घ्यायचं आणि फट लगेच बुजवायची. मला राग यायला हवा होता. आला नाही, पुढच्या ऑगस्टमध्ये पिशवीही घेतली. हे प्रश्नावलीत कुठे बसवणार?

प्रश्नावलीची एक जात मात्र कामाची आहे. पेटिग्रू आणि मेर्टेन्स यांनी १९८८च्या युरोपीय सर्वेक्षणातून उघड आकस आणि झाकलेला आकस वेगळे काढले. झाकलेल्यात शिवी नसते. 'त्यांची संस्कृती फारच वेगळी', 'ते आपल्या पद्धतीने राहत नाहीत' अशी सभ्य वाक्यं असतात, आणि या लोकांबद्दल कधी कौतुक किंवा जिव्हाळा वाटला का, असं विचारलं की उत्तर सुकतं. नेदरलँड्समध्ये उघड आकस कमी निघाला, झाकलेला भरपूर. तिथे तोंडाने वाईट बोलणं शोभत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा तुमच्या प्रबंधापुरतं: 'बाहेरून आलेल्यांबद्दल तुमचं मत काय' हा प्रश्न काढून टाका. पुण्यात फ्लॅट भाड्याने देणारे मालक गाठा. त्यांना काल्पनिक भाडेकरूंची कागदी माहिती दाखवा: पगार, नोकरी, कुटुंब, गाव. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. अर्ध्या मालकांना सांगा की नकार दिलात तर एका ओळीत कारण लिहायचंय. उरलेल्यांना नुसती खूण करू द्या. काल्पनिक आहे हे आधी सांगा. दलालांना खोटे फोन लावून लोकांचा वेळ खाऊ नका, नैतिकता समितीही अडवेल. आणि लिहिलेली कारणं फेकू नका, ती टाइप करून एका फायलीत ठेवा. मला तुमच्या आकड्यांपेक्षा ती फाइल वाचायला जास्त आवडेल.